स्पोर्ट्‌स कारचा सीटबेल्ट त्रास देतोय? बदलण्याआधी आणि बदलताना काय करावं

स्पोर्ट्‌स कारमध्ये सीटबेल्ट गळ्याला घासत असेल तर दोष पट्ट्याचाच असेल असं नाही. या गाड्यांना दारं दोनच, म्हणून ती लांब. दार लांब म्हणून दारामागचा खांब, म्हणजे बी-पिलर, मागे. पट्टा त्या पिलरवरून, खांद्याच्या बराच मागून तिरका येतो. त्यात सीट जमिनीलगत, पाठ कललेली आणि दोन्ही बाजूंना उंच बोल्स्टर, म्हणजे अंगाला धरून ठेवणाऱ्या सीटच्या कडा. पट्टा शोधायला हात पार मागे वळवावा लागतो आणि बकल बोल्स्टरच्या फटीत बुडालेलं असतं. नवाकोरा पट्टा आणून बसवला तरी तो त्याच जागेवरून येणार, त्यामुळे यातलं काहीच बदलत नाही. म्हणून पान्हा हातात घेण्याआधी थोडा वेळ निदानाला द्या.

नेमकं काय टोचतंय?

नेहमी चालवता तसे बसा, पट्टा लावा आणि कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. खांद्याचा पट्टा गळपट्टीच्या हाडाच्या मध्यावरून छातीवर उतरला पाहिजे. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, तर खाली, कटीच्या हाडांवर बसला पाहिजे. १९५९ साली व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी आणलेल्या तीन-बिंदू पट्ट्याची युक्ती हीच आहे: एकाच पट्ट्याने छाती आणि कंबर धरायची, तीही हाडांच्या आधाराने.

पट्टा मानेवर येत असेल तर आधी सीटची पाठ थोडी सरळ करा आणि सीटची उंची बदलून पाहा. पिलरवरची डी-रिंग (पट्टा ज्या कडीतून वळतो ती) वरखाली होत असेल तर तीही हलवा, पण बऱ्याच स्पोर्ट्‌स कारमध्ये ती सोय नसते. त्याऐवजी सीटच्या खांद्यावर पट्ट्यासाठी एक छोटी कडी किंवा बटणाची पट्टी असते. मागे बसणाऱ्याला आत शिरू देण्यासाठी कुणीतरी पट्टा त्यातून काढतं आणि परत अडकवायचं राहून जातं. ती कडी तुटली असेल तर कंपनीचा तेवढाच भाग मागवा. अनेकांचं काम एवढ्यावरच भागतं.

पट्टा आखडल्यासारखा येतो किंवा सोडल्यावर परत जात नाही, ही तक्रार बहुधा मळाची असते. पट्टा पूर्ण बाहेर ओढा आणि डी-रिंगजवळ कापड गुंडाळून चिमट्याने धरून ठेवा, म्हणजे तो परत आत जाणार नाही. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश घेऊन लांबीच्या दिशेने घासा. डी-रिंगच्या आतल्या कडेला बोट फिरवलंत तर मेणचट काळा थर हाताला लागेल. घाम आणि तेल मिळून झालेला हा थरच पट्टा अडवतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या फडक्याने तो पुसून काढा. पट्टा खडखडीत वाळल्याशिवाय आत सोडू नका, नाहीतर आत बुरशी धरेल. ब्लीच आणि रंग दोन्ही वर्ज्य. त्यांनी धागा कमजोर होतो. गुळगुळीतपणासाठी तेल किंवा सिलिकॉनही मारू नका.

बाजारातले सोपे उपायही टाळलेले बरे. पट्टा सैल धरून ठेवणाऱ्या क्लिपचा नेमका तोच सैलपणा अपघातात अंगावर येतो. बकलला जोडायचा एक्स्टेंडर बकल कमरेच्या बाजूवरून पोटावर आणतो. खांद्यावरचं पातळ कापडी कव्हर चालेल. जाड गादीसारखं नको.

बदलायचाच असेल तर

पट्ट्याची कड उसवली असेल, धागे सुटले असतील, उन्हाने तो विटून कडक झाला असेल किंवा गाडीचा जोरदार अपघात झाला असेल, तर बदलणं भागच आहे. अपघाताचा ताण बसलेल्या पट्ट्यावर लाटांसारख्या सुरकुत्या पडतात आणि डी-रिंगच्या प्लास्टिकवर वितळल्यासारख्या खुणा दिसतात. असा पट्टा पुन्हा वापरायचा नाही, मग तो कितीही नीट गुंडाळला जात असो.

नवा घेताना आपल्या मॉडेलचा, वर्षाचा आणि त्याच बाजूचा मूळ भाग घ्या. डावा-उजवा चालत नाही. पट्टा गुंडाळून घेणाऱ्या डबीच्या, म्हणजे रिट्रॅक्टरच्या, आत गाडीचा धक्का ओळखणारा एक गोळा किंवा लोलक असतो आणि तो ठरावीक कोनातच बरोबर काम करतो. त्यामुळे हातात तिरका धरलेला नवा रिट्रॅक्टर अडकलेला वाटतो. तो खराब नसतो. मोडीतल्या गाडीतला वापरलेला पट्टा मी घेणार नाही, त्याने काय सोसलंय ते बाहेरून कळत नाही. फक्त रंग बदलायचा असेल तर तोच रिट्रॅक्टर ठेवून नवा पट्टा शिवून देणारे व्यावसायिक असतात. त्यांच्याकडून पट्ट्याचं मानक लेखी घ्या: युरोपीय पद्धतीत यूएन आर१६, अमेरिकेत एफएमव्हीएसएस २०९.

आता प्रत्यक्ष काम. आधी बघा, तुमच्या पट्ट्यात प्रिटेन्शनर (धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारा भाग) आहे का. हल्लीच्या जवळपास सगळ्या गाड्यांत तो असतो, आणि त्यात स्फोटक भरलेलं असतं. तसं असेल तर हे काम अधिकृत वर्कशॉपला द्या, हा माझा स्पष्ट सल्ला. पुढचं मुख्यतः जुन्या, प्रिटेन्शनर नसलेल्या गाड्यांसाठी आहे. तरी सीटमध्ये किंवा आसपास एअरबॅगच्या तारा असतील तर बॅटरी सोडवणं आलंच.

बॅटरीला हात लावण्याआधी पॉवर सीट पूर्ण पुढे घ्या आणि खिडक्या खाली करा. चौकट नसलेली काच दार उघडताना थोडी खाली सरकते. वीज नसेल तर ती सरकणार नाही आणि रबरावर अडकेल. बॅटरी डिकीत असून डिकीचं कुलूप विजेवर चालत असेल तर डिकी उघडीच ठेवा. मग निगेटिव्ह टोक काढा आणि मॅन्युअलमध्ये दिली असतील तितकी मिनिटं थांबा. पिवळे कनेक्टर बहुधा एअरबॅग यंत्रणेचे असतात. त्यांना मल्टिमीटर लावू नका. तपासणीच्या करंटनेही एअरबॅग उडू शकते.

पिलरचं प्लास्टिक कव्हर प्लास्टिकच्याच पट्टीने हलकेच उचकटा. बोल्टवर टोपी असते, आत बहुतेक वेळा टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराचं) बिट लागतं. प्रत्येक बोल्ट काढताना वॉशर, स्पेसर आणि पत्र्याची पट्टी कोणत्या क्रमाने आहेत याचा फोटो घ्या. हा क्रम चुकला तर पट्ट्याचं टोक घट्ट आवळलं जातं, तर ते बोल्टवर मोकळं फिरायला हवं. रिट्रॅक्टरचं झाकण मात्र कधीही उघडू नका. आतली स्प्रिंग उसळून बाहेर येते.

बसवताना बोल्ट आधी हाताने फिरवा. सीटबेल्टच्या बोल्टचे आटे पुष्कळ गाड्यांत ७/१६ इंच व्यासाचे, इंचाला २० असे असतात. दिसायला जवळचा मेट्रिक बोल्ट दोन फेरे जातो आणि मग आटे मारतो. म्हणून जुना किंवा कंपनीचाच बोल्ट वापरा आणि शेवटचा ताण टॉर्क रेंचने (किती आवळलं ते मोजणाऱ्या पान्ह्याने), मॅन्युअलमधल्या आकड्यावर द्या. पट्ट्याला पीळ पडलेला नाही ना, हे कव्हर लावण्याआधी बघा.

सीटही बदलत असाल तर बकलकडे विशेष लक्ष द्या. अनेक गाड्यांत बकल सीटलाच जोडलेलं असतं. सीट काढली की त्याच्याबरोबर बेल्टची सूचना, प्रवासी ओळखणारा सेन्सर आणि बाजूची एअरबॅगही जाते.

चार-पाच पट्ट्यांचा हार्नेस

आराम आणि दिमाख दोन्हींसाठी लोक शर्यतीच्या गाड्यांतल्या या पट्ट्यांकडे वळतात. रस्त्यावरच्या गाडीसाठी मी तो सुचवणार नाही. साध्या चार-बिंदू हार्नेसमध्ये खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर, पोटावर ओढतात आणि धडकेत माणूस त्याखालून घसरतो. म्हणून मांड्यांमधला पट्टा हवा, आणि त्यासाठी भोक असलेली सीट. खांद्याचे पट्टे खांद्यापासून मागे साधारण आडवे, फार तर २० अंश खाली गेले पाहिजेत. मागच्या जमिनीला बांधले तर धडकेत कणा दाबला जातो. हार्नेस धड जखडून ठेवतो, डोकं मात्र पुढे फेकलं जातं. २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत अमेरिकी चालक डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी नॅसकार या अमेरिकी शर्यत संस्थेने डोकं-मान आवरणारं साधन सक्तीचं केलं. त्याला हेल्मेट लागतं. गाडी उलटली तर हार्नेसमधला माणूस छताखाली ताठ राहतो, म्हणून रोल बार (छत दबू न देणारी पोलादी कमान) हवा. आणि हेल्मेटविना रोल बारच डोक्याला धोका. ट्रॅकवर ही सगळी साखळी पूर्ण करता येते, ऑफिसला जाताना नाही. ट्रॅकवर जाणार असाल तर हार्नेस जरूर लावा, पण मूळ पट्टा काढू नका. लेबलवरची मुदतही पाहा: एसएफआय या अमेरिकी मानक संस्थेच्या लेबलला दोन वर्षं असतात, एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटर संघटनेच्या लेबलवर शेवटची तारीख छापलेली असते.

चाचणी

बॅटरी जोडून इग्निशन चालू करा. एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. पट्टा झटक्यात ओढून पाहा, तो अडकला पाहिजे. नंतर रिकाम्या जागेत अगदी हळू वेगात जोरात ब्रेक मारा. तेव्हाही अडकला पाहिजे. बकल दहा-बारा वेळा लावून सोडा.

काढलेला जुना पट्टा फेकण्याआधी मधोमध कापा, म्हणजे कुणी तो दुसऱ्या गाडीत बसवणार नाही. त्यात न उडालेला प्रिटेन्शनर असेल तर तो भंगारात देऊ नका; वर्कशॉपकडेच सोपवा.