फाटक, नळ आणि खिचडी: महामारीत पहिली ते चौथीची शाळा टप्प्याटप्प्यानं उघडताना

वर्गात पोरं लांब लांब बसवणं सोपं आहे. फरशीवर खुणा केल्या, बाईंनी दोनदा दरडावलं की तासभर तरी पोरं जागेवर राहतात. गर्दी होते ती फाटकाशी, नळावर आणि खिचडीच्या पातेल्याभोवती. त्यामुळे शाळा उघडण्याचा आराखडा करायला बसाल तेव्हा या तीन जागांपासून सुरुवात करा. बाकांची मांडणी नंतर बघता येते.

इथला हिशेब मराठवाड्यात सगळीकडं दिसणाऱ्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेचा आहे: पट ४८, दोन खोल्या, एक व्हरांडा, अंगणात कडुलिंबाचं झाड, दोन नळ. गावाला लागून एक बंजारा तांडा, शिवारात दोन-तीन वस्त्या. तुमचा पट वेगळा असेल तर आकडे बदलतील, रीत तीच.

कोरोनात मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे त्या दिवशी दुसरीत बसलेल्या बहुतेक पोरांनीसुद्धा पहिलीचा वर्ग डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पुढं जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारीपासून स्थानिक परिस्थिती बघून परत सुरू झाल्या. आराखडा असा करावा की उद्या बंदचा आदेश आला तरी मोडणार नाही आणि परवा उघडायचं म्हटलं तरी नव्यानं बैठक घ्यावी लागणार नाही. त्या त्या वेळचा शासन निर्णय आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र फाईलला हवंच. पण नळावर कोण उभं राहणार, हे त्या पत्रात नसतं.

उघडण्याआधीचे आठ दिवस

इमारत विलगीकरणासाठी वापरली गेली असेल तर गाद्या, चादरी आणि वापरलेले मास्क ग्रामपंचायत व आरोग्य विभागानं उचलायचे. हे लेखी मागा आणि खोली ताब्यात घेतल्याची तारीख नोंदवा. हे काम पोरांकडून करून घ्यायचं नाही, पालकांकडूनही नाही.

झाडू लागण्याआधी दारं-खिडक्या एक दिवस उघड्या ठेवा. महिनोन्‌महिने बंद असलेल्या मुतारीत गांधील माशांचं पोळं हमखास सापडतं, आणि एकावर एक रचलेल्या बाकांखाली साप-विंचू. बाक आधी काठीनं हलवायचा, मग हात लावायचा. उंदरांनी वायर कुरतडलेली असते, म्हणून मेन स्विच बंद करून वायरमनला दाखवा. वीजबिल थकलं म्हणून मीटर कापलं असेल तर मोटार चालणार नाही आणि मोटार नाही तर नळाला पाणी नाही. सगळ्यात आधी हेच तपासा.

टाकी पूर्ण रिकामी करून तळाचा गाळ काढा, आतून घासा. हातपंपाचं पाणी सुरुवातीला तांबडं येतं, ते स्वच्छ येईपर्यंत उपसत राहा. पिण्याच्या पाण्यासाठी ग्रामपंचायतीकडची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १,००० लिटरला ५ ग्रॅम. बादलीत कालवून निवळी टाकीत ओतायची, अर्धा तास थांबायचं, मग ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची तपासणी, करून घ्यायची.

तीच पावडर दाराच्या कड्या, बाक, नळाच्या तोट्या पुसायलाही चालते, पण प्रमाण वेगळं: १० लिटर पाण्याला सुमारे ३५ ग्रॅम. बादली प्लास्टिकची घ्या, लोखंडी गंजते. आधी साबणाच्या पाण्यानं पुसून घ्या, कारण धुळीवर क्लोरीन वाया जातं. द्रावण रोज ताजं करा. पोतं उघडल्यावर नाकाला झणका येत नसेल आणि पावडरीचे गठ्ठे झाले असतील तर तिच्यात दम उरलेला नाही, दुसरी मागवा. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ही पावडर कधीच मिसळू नका. विषारी वायू निघतो. आणि पोरांच्या अंगावर फवारा मारणं तर पूर्ण बंद. त्यानं रोग जात नाही, डोळे मात्र जळतात.

खोलीत खरोखर किती बसतात

१८ बाय २४ फुटांची खोली घ्या. फळ्यापुढं ६ फूट शिक्षकासाठी सोडले की १८ बाय १८ उरतात. भिंतीपासून दीड फूट सोडून ६-६ फुटांवर सरळ रांगा आखल्या तर तीन त्रिक नऊ. पोरं नऊच बसली की लोक वैतागतात आणि अंतर चार फुटांवर आणतात. त्याऐवजी रांगा तिरप्या करा: पहिल्या रांगेत दीड, साडेसात आणि साडेतेरा फुटांवर खूण, दुसऱ्या रांगेत साडेचार, साडेदहा आणि साडेसोळा फुटांवर, तिसरी पहिलीसारखी, चौथी दुसरीसारखी. दोन रांगांमध्ये सव्वापाच फूट. कुठल्याही दोन पोरांत ६ फुटांचं अंतर राहतं आणि त्याच खोलीत १२ जण बसतात. दोन खोल्या मिळून २४, म्हणजे बरोबर निम्मा पट.

खडूची खूण दुपारपर्यंत पुसली जाते. आधी आठवडाभर गेरूनं आखून बघा, मांडणी जमली की ऑइल पेंट. बसकर किंवा पोतं घरून आणायचं आणि घरीच न्यायचं. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या हव्यात. डिसेंबरात सकाळी पोरं कुडकुडतात आणि कुणीतरी हळूच खिडक्या लावतं. थंडी फार असेल तर पहिला तास अंगणात उन्हात घ्या, पण खोली कोंडू नका.

गट हजेरी क्रमांकावरून पाडू नका

सम-विषम क्रमांकाची पद्धत कागदावर सुटसुटीत दिसते आणि चार दिवसांत कोलमडते. चौथीतली बहीण पहिलीतल्या भावाला हाताला धरून आणते. तिचा दिवस सोमवार आणि त्याचा मंगळवार आला की दोघंही घरी राहतात. शिवाय एकाच घरातली पोरं दोन्ही गटांत विभागली गेली की दोन गट वेगळे ठेवण्यात अर्थच उरत नाही.

गट वस्तीवरून पाडा. तांडा आणि शिवारातल्या वस्त्या एक गट, गावठाण दुसरा. जी पोरं संध्याकाळी एकत्र विटीदांडू खेळतात तीच शाळेत एकत्र येऊ द्या. एखादं आजारी पडलं तर एकच गट थांबवावा लागतो, शाळा नाही. गट एक दिवसाआड बोलवा. दोन पाळ्यांचा मोह होतो, पण कापूस वेचायला आई सकाळीच रानात जाते. बारा वाजताच्या पाळीला पोराला तयार करून धाडणारं घरात कुणी नसतं.

पहिला आठवडा फक्त तिसरी-चौथी, रोज दोन तास. त्यांना नळ, मुतारी, बसायची जागा पाठ झाली की दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याबरोबर पहिली-दुसरीला आणा. लहानग्यांना मोठी पोरं जेवढ्या लवकर वळण लावतात तेवढं दोन शिक्षक मिळून लावू शकत नाहीत. पूर्ण वेळ तिसऱ्या आठवड्यापासून.

पालकांना निरोप फक्त व्हॉट्सॲपवर टाकू नका. ज्या घरात फोन बापाबरोबर कारखान्यावर गेलाय तिथं तो पोचत नाही. दवंडी द्या किंवा देवळाच्या भोंग्यावरून सांगा, आणि संमतीपत्र घरी जाऊन वाचून दाखवून सही-अंगठा घ्या. त्याच भेटीत घरात कुणाला ताप-खोकला आहे का, हेही कळतं.

तीन गर्दीच्या जागा

फाटक. ताप मोजायची बंदूक कपाळाच्या कातडीचं तापमान सांगते. दोन किलोमीटर उन्हातून चालत आलेलं पोर तापलेलं दाखवेल आणि गारठ्यातून आलेल्याचा खरा तापही लपेल. म्हणून फाटकाशी रांग लावू नका. पोरांना सरळ जागेवर बसवा, दहा मिनिटं जाऊ द्या, मग शिक्षकानं फिरत मोजावं. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा. सुटताना लांब घंटा वाजवू नका. ती वाजली की महामारी असो की काही असो, पोरं फाटकाकडं धावणारच. एकेक रांग उठवायची, दोन मिनिटांचं अंतर ठेवायचं, सगळ्यात लांबच्या वस्तीची पोरं आधी सोडायची.

नळ. हात धुवायला ४० सेकंद, पुढचं पोर येईपर्यंत धरून एक मिनिट. २४ पोरं आणि दोन नळ म्हणजे १२ मिनिटं. अख्खा पट बोलावलात तर २४ मिनिटं, आणि तेवढा वेळ रांगेत कुणी नीट उभं राहत नाही. १० फुटी पीव्हीसी पाइपला तीन-तीन फुटांवर चार तोट्या काढून २०० लिटरच्या ड्रमला जोडा. ड्रम तोट्यांपेक्षा उंच ठेवा, विटांचा ओटा पुरतो. तोटीची उंची पहिलीच्या पोराच्या कमरेइतकी. एका वेळी एकाआड एक तोटी वापरायची. उरलेल्या दोनांचा उपयोग एखादी गळायला लागली की कळतो. पाणी माणशी अर्धा लिटर धरा. २४ पोरांना दिवसातून तीनदा म्हणजे ३६ लिटर. टँकरच्या गावातही एवढं निघतं. मग्यानं मात्र दुप्पट जातं.

बोअरच्या जड पाण्यात साबणाच्या वडीला फेस येत नाही. फेस येत नाही म्हणून पोरं घासतच बसतात, रांग तुंबते. अशा गावात पातळ साबण बाटलीत भरून ठेवणं बरं. वडीच वापरायची तर जाळीच्या पिशवीत घालून तोटीला बांधा. उघडी ठेवलेली वडी कावळा पळवतो. ही थट्टा नाही.

खिचडी. पहिली ते पाचवीला माणशी तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम; २४ पोरांना दोन किलो चारशे ग्रॅम तांदूळ. पट निम्मा झाला तरी हात जुन्या मापानंच पडतो आणि भात उरतो, म्हणून स्वयंपाकीताईंना नवं माप पहिल्याच दिवशी डब्यावर खूण करून द्या. शाळेत पडून राहिलेल्या तांदळात सोंडे झालेले असतात. जाळी आणि कुबट वास असेल तर ते पोतं पंचनामा करून बाजूला काढा. गॅसची नळी वाकवून बघा, भेगा दिसल्या तर बदला.

वाढायची पद्धत मात्र लग्नातल्या पंगतीची ठेवा. पंगतीत वाढपी फिरतो, जेवणारा हलत नाही. पोरं आपापल्या खुणेवर, ताट घरचं, मास्क काढून दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात. ताट धुवायला घरी. एवढ्यानंच नळावरची दुपारची झुंबड संपते. मास्कच्या कडेला रंगीत दोऱ्यानं खूण शिवायला सांगा, नाहीतर पोरं मास्क गोट्यांसारखे अदलाबदली करतात. पाच वर्षांच्या आतल्यांना मास्क नको. पहिलीतल्यांनाही गुदमरलं तर काढू द्या आणि झाडाखाली बसवा.

पहिल्या पंधरवड्यात शिकवायचं काय

पहिल्या दिवशी चाचणी नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकेकाला व्हरांड्यात बोलावून पाच मिनिटं वाचून घ्या: अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद. जिथं अडलं तिथं पेन्सिलीनं खूण. मग इयत्ता विसरून चार गट करा. चौथीतलं पोर अक्षरांच्या गटात निघालं तर ते घरी जाहीर करू नका. दुसऱ्या दिवशी ते येणार नाही.

मास्कमागून ‘न’ आणि ‘ण’, ‘श’ आणि ‘स’ कळत नाहीत. ध्वनी शिकवायचा तास लिंबाखाली घ्या: शिक्षक पारावर, पोरं १० फुटांवर अर्धगोलात, शिक्षकाचा मास्क खाली. ओठ आणि जीभ दिसली पाहिजे. तांड्यावरच्या पोरांची घरची बोली गोरमाटी असते. त्यांना मराठीचा कान लागायला महिना जास्त द्या. लिहिणं सुरुवातीला दहा मिनिटांच्या वर नको, बोटं दुखतात. मुतारी कुठं आहे आणि कशी वापरायची, हे पहिलीइतकंच दुसरीलाही दाखवावं लागतं.

शाळेत ताप चढला तर

पोराला व्हरांड्यात, बाकीच्यांना दिसेल असं बसवा. खोलीत एकटं कोंडू नका, ते घाबरतं. घरी फोन, आशाताईंना निरोप, प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी. तपासणीत लागण निघाली तर तो गट आरोग्य केंद्र सांगेल तितके दिवस घरी. दुसऱ्या गटाची शाळा चालू. पोराचं नाव गावात पसरू देऊ नका.

ऊसतोडीची पोरं

बीड, जालना, परभणीकडच्या गावांत दिवाळीनंतर टोळ्या निघतात. डिसेंबरात उघडलेल्या शाळेत निम्म्या खुणा रिकाम्याच असतात आणि सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं. खरी कसोटी मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा ट्रॅक्टर आणि ट्रक परततात आणि आठवडाभरात पट दुप्पट होतो. आजीकडं किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या पोरांची वेगळी यादी आधीच करा. फडावर गेलेल्यांना शिक्षण हमी कार्ड (तिकडच्या शाळेत दाखवून बसता यावं म्हणून) देऊन पाठवलं असेल तर परतल्यावर ते मागा.

त्यांच्या खुणा पुसू नका, जागा दुसऱ्याला देऊ नका. टोळी उतरली की पहिले काही दिवस त्या पोरांना लिंबाखाली वेगळं बसवा, आशाताईंना घरं बघून येऊ द्या, मग वस्तीप्रमाणे गटात घ्या. तेव्हा सकाळची शाळा सुरू झालेली असते आणि ऊन चढायच्या आत साडेदहापर्यंत पंगत उरकावी लागते. म्हणजे ड्रम सातच्या आत भरलेला हवा. त्यासाठी शाळेची किल्ली कुणाकडं राहील, हे आत्ताच ठरवा.