थकवा जाईना? 'क्रॉनिक फटीग'चा शिक्का मानायच्या आधी हे बघा

क्रॉनिक फटीग खरा आजार आहे, नाटक नाही. पण तो ठरवायला थकवा ६ महिन्यांच्या वर पाहिजे, झोपून उठलं तरी ताजं वाटत नाही, थोडं काम केलं की दुसऱ्या दिवशी पार आडवं, आणि मुख्य म्हणजे बाकीचे आजार तपासून बाजूला काढलेले पाहिजेत, तेच लई वेळा ऱ्हातं.

आधी जुनी फाईल काढा अन् बघा काय झालंच नाही: सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी १२ (जीवनसत्त्व), शुगर, किडनी-लिव्हर. हिमोग्लोबिन नॉर्मल असून फेरिटिन कमी असू शकतं. बी १२ चं इंजेक्शन तपासणीच्या आधी घेऊ नका, आकडा फसवा येतो. जोरात घोरत असाल, दिवसा डुलक्या येत असतील तर तेही सांगा.

आता आपल्याकडची गोष्ट. घरी जनावरं आहेत, कच्चं दूध पिता, गाभडलेल्या म्हशीची वार हातानं काढली, अन् येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, कंबर-सांधे दुखतात, तर हे सगळं डॉक्टरला स्वतःहून सांगा आणि ब्रुसेलोसिसची (जनावरांपासून माणसाला होणारा तापाचा आजार) तपासणी करायची का विचारा, नाहीतर टायफॉईड समजून कोर्स देतात अन् विषय संपला. ब्रुसेलोसिस बरा होतो, पण साधारण ६ आठवडे दोन-दोन अँटिबायोटिक सोबत, मधीच सोडली की उलटतो.

खोकला अन् वजन उतरत असेल तर टीबी बघा, सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते. घाटीत (संभाजीनगरचा मोठा सरकारी दवाखाना) किंवा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात मेडिसिन ओपीडीत जाताना चालू गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या.