कॅन्सर आणि क्रोमॅटिनवर पीएचडी करायची असेल तर

एमएस्सीचे रिझल्ट लागले की मला ठरलेला मेसेज येतो, ताई कॅन्सर जेनेटिक्समध्ये पीएचडी करायचीय, कुठून सुरुवात करू. दरवेळी तेच टाइप करायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

बहुतेकांच्या डोक्यात कॅन्सर म्हणजे टीपी५३ बिघडला, केआरएएस बिघडला, असे कॅन्सरशी जोडलेले ठरावीक जीन बिघडले की झालं. ते आहेच, पण एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण दोन मीटर भरतो आणि तो काही मायक्रॉनच्या न्यूक्लियसमध्ये मावतो, कारण तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, अशा एका गुंडाळीला (न्यूक्लिओसोमला) डीएनएच्या १४७ बेस पेअर. या सगळ्या गुंडाळलेल्या डीएनएला क्रोमॅटिन म्हणतात. कुठे घट्ट आणि कुठे सैल यावरून बऱ्याच अंशी ठरतं कुठला जीन बोलणार आणि कुठला गप्प बसणार. म्हणजे जीनला हात न लावताही तो बंद पाडता येतो.

मला या विषयात ओढलं ते एच३के२७एम ने. २०१२ मध्ये लहान मुलांच्या ब्रेनस्टेममधल्या ग्लायोमात सापडलं की हिस्टोन एच३ मधलं २७ नंबरचं लायसिन जाऊन तिथे मेथिओनिन आलंय. आता गंमत बघा, आपल्याकडे एच३ बनवणारे डझनभराहून जास्त जीन आहेत, बिघडते त्यातल्या एकाची एक कॉपी, बहुतेक एच३ नॉर्मलच असतं, तरी के२७ वरचं, म्हणजे त्या लायसिनवरचं ट्रायमिथायलेशन (जीन गप्प ठेवणारं रासायनिक मार्क) जवळपास सगळ्या जीनोमभर घसरतं, कारण ते मार्क लावणाऱ्या पीआरसी२ या प्रथिनांच्या गटाच्या कामातच हा बिघडलेला हिस्टोन खोडा घालतो. आणि काही लिम्फोमात बरोबर उलटं, तिथे पीआरसी२ मधलं मार्क लावणारं एन्झाइम ईझेडएच२, त्यातच म्युटेशन होऊन हेच मार्क वाढतं. त्यामुळे इंटरव्ह्यूत कोणी विचारलं की हे मार्क चांगलं का वाईट, तर आधी कुठल्या पेशीत ते विचारा, खरंच विचारा, पॅनेलला आवडतं.

आता लॅबचं. चिप-सेक (कुठलं मार्क जीनोमवर कुठे बसलंय ते अँटीबॉडी आणि सिक्वेन्सिंगने शोधायची पद्धत) ऐकायला भारी वाटतं पण पहिले कित्येक महिने सोनिकेशनमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी क्रोमॅटिनचे तुकडे करण्यात जातात. प्रथिनं डीएनएला चिकटवायला एक टक्का फॉर्मल्डिहाइड, साधारण दहा मिनिटं, ग्लायसीन टाकून थांबवा, मग सोनिकेट करून जेलवर बघा २०० ते ५०० बेस पेअरचा स्मिअर (पसरलेला पट्टा) आला का. नसेल आला तर पुढे जाऊ नका, सिक्वेन्सिंगवर पैसे घालवून डेटा सुधारत नाही. अँटीबॉडीचा लॉट नंबर वहीत लिहा, नवीन लॉट आला की परत तपासा. मायकोप्लाझ्मा (पेशींच्या कल्चरमध्ये लपून वाढणारे जिवाणू) टेस्ट नियमित करा, सेल लाइन कोणाकडून आणली असेल तर एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून सेल लाइनची ओळख पटवणारी टेस्ट) करून घ्या, मित्राने दिली म्हणून विश्वास ठेवू नका.

एक गोष्ट जी मला कोर्समध्ये कोणी शिकवली नाही ती स्पाइक-इन. समजा मार्क सगळीकडेच निम्मं झालं, तर नेहमीच्या नॉर्मलायझेशनमध्ये ते दिसतच नाही, कारण दोन्ही सॅम्पलचे रीड (सिक्वेन्सिंगमध्ये वाचले गेलेले डीएनएचे तुकडे) आपण एकाच पातळीवर आणून ठेवतो. म्हणून सुरुवातीलाच दोन्हींत फळमाशीचं क्रोमॅटिन सारख्या प्रमाणात घालायचं आणि त्याच्या रीडवरून मोजायचं. के२७एम सारख्या कामात हे नसेल तर तो पेपर मी सावधपणेच वाचते. प्रथिनाचं एकूण प्रमाण दाखवणारा साधा वेस्टर्न ब्लॉटसुद्धा इथे जास्त खरं सांगून जातो.

आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि कमांड लाइन आत्ताच शिका, सीबायोपोर्टल, एन्कोड हे ऑनलाइन डेटाबेस सगळे फुकट आहेत, घरी बसून एआरआयडी१ए (क्रोमॅटिन हलवणाऱ्या यंत्रणेतला जीन) कुठल्या ट्यूमरमध्ये किती बिघडतो ते काढून बघा.

अ‍ॅडमिशनसाठी सीएसआयआर नेट, डीबीटीची (जैवतंत्रज्ञान विभागाची) परीक्षा, जेजीबिल्स (जीवशास्त्रातल्या पीएचडीची संयुक्त प्रवेश परीक्षा), सगळ्या द्या. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र), पुण्यात एनसीसीएस आणि आयसर, हैदराबादला सीसीएमबी, इथली लॅबची पानं नीट वाचा. जेआरएफ (पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप) २०२३ पासून महिना ३७,००० आहे, वर एचआरए, मुंबईत कसंबसं भागतं. घरचे नातेवाईक विचारत राहणार की औषध सापडलं का, त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

आणि लॅब निवडताना गाइडशी बोलून झालं की शेवटच्या वर्षातल्या मुलांना वेगळं गाठा, चहाला न्या, गाइडसमोर नको. सिक्वेन्सिंगचा खर्च कुठल्या ग्रँटमधून होतो, ती कधी संपतेय, अ‍ॅनालिसिस स्वतः करावं लागतं का कोणी आहे, आणि आधीच्या मुलांना थिसिस द्यायला किती वर्षं लागली, एवढं विचारा.