पूल टेबलवरील चुकीच्या खुणांचे वाद कसे सोडवावेत

नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड किंवा नाशिक रोडच्या पूल पार्लरमध्ये ज्यांची नियमित ये-जा आहे, त्यांना हेड स्ट्रिंगच्या (जिच्यामागून ब्रेक, म्हणजे पहिला शॉट, मारतात त्या) रेघेवरून किंवा फूट स्पॉटच्या (जिथे रचलेल्या बॉलमधला सर्वांत पुढचा बॉल ठेवतात त्या) ठिपक्यावरून जुंपणारी भांडणे नवी नाहीत. एकाचे म्हणणे असते की रेघच चुकीच्या जागी आहे, दुसऱ्याचे म्हणणे असते की आहे ती रेघ दोघांनाही सारखीच आहे, आणि मार्कर, म्हणजे टेबले सांभाळणारा कर्मचारी, बहुधा कोणतेच गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून दोघांकडे पाहून मान डोलावतो. हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे असे ठरलेले असले, की हा वाद आणखी लांबतो. वास्तविक तो मोजून सुटण्यासारखा असतो. फक्त कशापासून मोजायचे हे माहीत असावे लागते.

कापडावरची रेघ हा मूळ पुरावा नाही, हे सर्वांत आधी मान्य करावे. कापड बदलले जाते, सैल पडते, पुन्हा ताणले जाते, आणि त्यावरची खूण त्याच्याबरोबर सरकते. मूळ पुरावा म्हणजे समोरासमोरच्या कुशनच्या (टेबलाच्या आतल्या रबरी काठाच्या) धारांमधले अंतर आणि रेलवर, म्हणजे टेबलाच्या लाकडी कडेवर, बसवलेले डायमंड नावाचे खुणेचे ठिपके. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार नऊ फुटी टेबलाची खेळाची जागा, कुशनच्या धारेपासून धारेपर्यंत, १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद असते आणि त्यात एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, इतकाच फरक चालतो. आठ फुटी टेबलावर हीच मापे ९२ आणि ४६ इंच अशी येतात. सात फुटी टेबले कारागिरागणिक थोडी वेगळी असतात, परंतु लांबी रुंदीच्या दुप्पट हे प्रमाण तिथेही पाळलेले असावे लागते. म्हणून आकडे पाठ करण्याऐवजी लांबीला चारने भागावे. एका टोकाच्या कुशनपासून एक चतुर्थांश अंतरावर हेड स्ट्रिंग, दुसऱ्या टोकापासून तेवढ्याच अंतरावर फूट स्ट्रिंग, आणि तिच्यावर रुंदीच्या बरोबर मध्यावर फूट स्पॉट. नऊ फुटी टेबलावर हे अंतर २५ इंच आणि आठ फुटीवर २३ इंच भरते.

टेप जवळ नसला तरी डायमंड हेच काम करतात. लांब रेलवर साइड पॉकेटच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आणि प्रत्येक आखूड रेलवर तीन, असे एकूण अठरा डायमंड असतात (एखाद्याच्या जागी कंपनीची पाटी असू शकते). कोपऱ्यापासून मोजलेला लांब रेलवरचा दुसरा डायमंड हीच चतुर्थांशाची खूण होय. स्पॉटकडच्या टोकापासून दोन्ही लांब रेलवरच्या दुसऱ्या डायमंडच्या मध्यांवरून एक बारीक दोरा ताणावा, आखूड रेलच्या मधल्या डायमंडवरून समोरच्या मधल्या डायमंडपर्यंत दुसरा दोरा ताणावा. दोन्ही जिथे छेदतात त्याच्या नेमके खाली स्पॉट असायला हवा. 'नेमके खाली' या शब्दांकडे दुर्लक्ष करू नये, कारण रेलवर ताणलेला दोरा कापडापासून दीड-दोन इंच उंच राहतो आणि एका बाजूने वाकून पाहणाऱ्याला तो स्पॉटच्या अलीकडे किंवा पलीकडे दिसतो. मग मोजणीवरूनच नवा वाद सुरू होतो. आणखी एका दोऱ्याला एखादा नट बांधून तो छेदनबिंदूपाशी ओळंब्यासारखा सोडावा, म्हणजे कोणी कुठे उभे राहायचे हा प्रश्न उरत नाही. रेल काढून पुन्हा बसवलेल्या टेबलाचे डायमंडही क्वचित सरकलेले असतात. तशी शंका असल्यास कुशनच्या धारेपासून टेपने मोजलेले माप शेवटचे मानावे.

तक्रार करण्यापूर्वी ती खरोखर खुणेबद्दल आहे का, हे तपासावे. माझ्या मते हेड स्ट्रिंगवरच्या बहुतेक भांडणांत रेघ बरोबरच असते आणि पांढरा बॉल कुठून मोजायचा याबद्दल गैरसमज असतो. नियम बॉलच्या कडेकडे पाहत नाही. बॉल कापडाला जिथे टेकतो तो बिंदू रेघेच्या मागे असला पाहिजे, आणि तो रेघेवर असला तरी फाउल होतो. बॉलचा व्यास सव्वादोन इंच असल्यामुळे नियमात बसणारा बॉलही वरून पाहिल्यास जवळजवळ एक इंच आणि एक सूत रेघेच्या पुढे आलेला दिसू शकतो. रेघ जाड मार्कर पेनने ओढलेली असेल, तर तिची मागची कड प्रमाण मानायची असे दोघांनी खेळापूर्वीच ठरवून घ्यावे.

चूक खरोखरच मोठी असते तेव्हा तिचे कारण बहुधा स्नूकरमध्ये सापडते. स्नूकरची बॉक लाइन, म्हणजे तिथली आडवी रेघ, बारा फुटी टेबलावर कुशनपासून २९ इंचांवर असते, म्हणजे लांबीच्या साधारण एक पंचमांशावर, आणि स्नूकरची टेबले आखण्याचा हात बसलेला कारागीर कधी कधी तेच प्रमाण पूलच्या टेबलावर वापरतो. आठ फुटी टेबलावर त्यामुळे रेघ सुमारे साडेचार इंच मागे जाते आणि ब्रेक करणाऱ्याला तेवढ्या लांबून मारावे लागते. टेबलावर अर्धगोल 'डी' काढलेला दिसला, तर ही शंका सर्वप्रथम घ्यावी.

आता चालू खेळातल्या वादाकडे वळू. कोणीही बॉलला हात लावू नये आणि पार्लरमध्ये तासावर पैसे लागत असतील तर काउंटरवर सांगून वेळ थांबवावी. ही दुसरी सूचना क्षुल्लक वाटेल, पण घड्याळ चालू असताना कोणीही शांतपणे मोजत नाही. शॉट मारला गेला असेल तर तो कायम राहतो. पुढचा शॉट सुरू होण्यापूर्वी दाखवला गेला नाही तो फाउल झालाच नाही, असे नियम मानतात, आणि खुणेच्या तक्रारीलाही हाच दंडक लावणे न्याय्य ठरते. तीन शॉट होऊन गेल्यावर बाजू उलटलेली पाहून रेघेत दोष काढणाऱ्याचे ऐकू नये. शॉट अजून व्हायचा असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे दोरा ताणून त्या शॉटपुरता निर्णय घ्यावा. रेघ पुसून नवी काढण्याचे काम मात्र रॅक, म्हणजे चालू डाव, संपल्यावरच करावे, कारण अर्धा रॅक एका खुणेवर आणि अर्धा दुसऱ्या खुणेवर खेळणे हे कोणत्याही चुकीच्या खुणेपेक्षा वाईट आहे. स्पॉटचा स्टिकर उचकटून त्यावर बॉल वळला, तरी तो शॉट टेबलाच्या स्थितीचा भाग समजून कायम ठेवावा आणि रॅकनंतर स्टिकर काढून टाकावा.

'चूक दोघांना सारखीच' हा युक्तिवाद रेघेच्या बाबतीत बराचसा टिकतो, फूट स्पॉटच्या बाबतीत नेहमी टिकत नाही. स्पॉट मध्यापासून दोन सूत सरकलेला असला की रचलेल्या बॉलची मांडणी, म्हणजे रॅक, एका कुशनकडे झुकतो, आणि कोणत्या बाजूने ब्रेक केल्यावर कडेचा बॉल पॉकेटमध्ये जातो हे एखाद्याला आधी उमगते. ब्रेक आळीपाळीने असेल तर नुकसान मर्यादित राहते. जिंकणाऱ्यानेच पुन्हा ब्रेक करायचा असेल, तर तो एकटाच त्या दोषाचा फायदा घेत राहतो. अशा वेळी दुरुस्ती होईपर्यंत आळीपाळीने ब्रेक करावा.

स्पर्धेत निर्णय रेफ्रीचा असतो. बॉल रेघेच्या मागे आहे की नाही याची खात्री नसल्यास शॉटपूर्वीच त्याला विचारता येते, आणि अशा नजरेच्या निर्णयाचा फेरविचार करण्याची विनंती करता आली तरी त्याचे मत अंतिम राहते. त्याने नियमच चुकीचा लावला असे वाटले तर वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि तोवर खेळ थांबतो. पार्लरमधल्या साध्या खेळात ही भूमिका त्या टेबलावर पैसे न लावलेल्या तिसऱ्या खेळाडूला द्यावी.

पार्लरचालकांनी नवे कापड बसवल्यावर लगेच पक्की खूण करू नये. काही दिवस खेळ होऊन कापड बसले की पुन्हा मोजून ती करावी. पावसाळ्यात दमट हवेने सैल झालेले कापड पुन्हा ताणले असेल, तर खुणाही पुन्हा तपासाव्यात. रेघ टोकदार पेन्सिलीने, पट्टी लावून, बारीक ओढावी. शिंपीखडू ब्रश फिरवताच जातो आणि बॉलपेनची शाई कापड फाटेपर्यंत जात नाही. जुनी रेघ पुरती निघत नसेल, तर तिच्यावर ठराविक अंतराने छोट्या फुल्या मारून ती रद्द असल्याचे दाखवावे आणि मोजलेले माप तारखेसह रेलच्या खालच्या बाजूला लिहून ठेवावे.