घरच्या घरी मुलांना मराठी वाचायला कसं शिकवायचं

अख्खी बाराखडी पाठ झाल्याशिवाय पुस्तक द्यायचंच नाही असं काही नसतं हो. क, म, ल, न, ब, घ, र एवढी अक्षरं आणि काना आला की घर, नाक, कान, लाल, काका, मामा, बाबा एवढं सगळं वाचता येतं, आणि आपल्याला वाचता येतंय हे पोराला कळलं की पुढच्या वेलांट्या-मात्रा ते स्वतःच विचारायला लागतं.

जोडाक्षरं मात्र सावकाश घ्या. सगळ्यात जास्त अडतं ते र पाशी, कारण सूर्यमध्ये तो डोक्यावर जातो, चक्रमध्ये पोटात तिरकी रेघ होतो, ट्रकमध्ये खाली जातो आणि कैऱ्यामध्ये अजून वेगळाच दिसतो, त्यामुळे हे चार शब्द कागदावर मोठ्ठे लिहून फ्रिजवर लावा आणि येता-जाता दाखवा.

रोज रात्री तुम्ही मोठ्याने वाचा, ओळीखाली बोट फिरवत. ओळखीचा शब्द आला की थांबा, तो मुलाला म्हणू दे. अडखळलं तर शब्द सांगून टाका आणि पुढे चला, दर अक्षराला टोकलं ना की गोष्टीतली मजाच जाते आणि मग पुस्तक नको वाटतं.

पुस्तकं महाग पडतात म्हणून अडू नका. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर लेव्हलप्रमाणे लावलेल्या मराठी गोष्टी फुकट आहेत, लेव्हल एकपासून सुरू करा. थोडं मोठं मूल असेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, 1971 पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट मिळतात. आणि तीच गोष्ट दहाव्यांदा मागितली तरी वाचा, प्लीज नाही म्हणू नका.