जुन्या संगणकाचा आवाज गेला असेल तर

विंडोज एक्सपी किंवा विंडोज सेव्हनवर चालणाऱ्या जुन्या संगणकातून आवाज येईनासा झाला, की अनेक जण लगेच विंडोज नव्याने टाकायला बसतात. हे करू नये. अशा मशीनवर कित्येकदा बऱ्याच वर्षांचे फोटो आणि कागदपत्रे असतात आणि दोष पुष्कळदा वायरीत किंवा सेटिंगमध्येच सापडतो.

प्रथम स्पीकर मोबाइलला जोडून तो वाजतो का, हे पाहावे. वाजला तर त्याची पिन कॅबिनेटच्या मागच्या हिरव्या जॅकमध्ये टक्‌ असे जाणवेपर्यंत दाबून बसवावी. गुलाबी जॅक माइकचा आणि निळा बाहेरून आवाज आत घेण्याचा असतो. त्यानंतर घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर दोनदा क्लिक करावे. एक्सपीमध्ये मुख्य आवाज पूर्ण असूनही ‘वेव्ह’च्या रकान्यात म्यूटची खूण असेल, तर गाणी ऐकू येत नाहीत. सेव्हनमध्ये त्याच चिन्हावर उजवे क्लिक करून ‘प्लेबॅक डिव्हाइसेस’ उघडावे आणि एचडीएमआयऐवजी (म्हणजे मॉनिटरला आवाज नेणाऱ्या वायरीऐवजी) स्पीकर डीफॉल्ट करावा.

इथवर सारे ठीक असेल, तर विंडोजमधला डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे संगणकाच्या भागांची यादी, पाहावा. साउंडच्या नावापुढे पिवळे उद्गारचिन्ह असल्यास मदरबोर्डचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डचा) मॉडेल क्रमांक वाचून त्याच्याच उत्पादकाचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारा प्रोग्रॅम) टाकावा. कुठूनही मिळणारे ‘ड्रायव्हर शोधून देणारे’ प्रोग्रॅम कटाक्षाने टाळावेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंडचे नावच नसेल आणि संगणक सुरू करताना तारीखही दर वेळी चुकत असेल, तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. तो बदलून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ऑनबोर्ड ऑडिओ, म्हणजे मदरबोर्डवरचाच ऑडिओ, सुरू आहे ना, याची खात्री करावी.

एक दोष मात्र फार चकवतो. इंटेलने २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ ही मदरबोर्डवरच्या आवाजाची नवी पद्धत आणली. त्याआधीच्या एसी ९७ पद्धतीच्या अनेक मदरबोर्डांवर आवाज आधी कॅबिनेटच्या पुढच्या जॅककडे जातो आणि तिथून परत फिरून मागच्या हिरव्या जॅकला मिळतो. त्यामुळे पुढच्या जॅकमधली पत्ती झिजली किंवा सफाई करताना त्याची वायर निघाली, की मागचा जॅकही मुका होतो, आणि ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी उपयोग होत नाही. अशा वेळी वीजपुरवठा काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी आणि मदरबोर्डवर पुढच्या जॅकची वायर लागते त्या ऑडिओच्या दहा क्रमांकांच्या जोडणीवर ५ व ६ तसेच ९ व १० या पिना दोन छोट्या जंपरनी (दोन पिना जोडणाऱ्या टोप्यांनी) जोडाव्यात. पिनांचे क्रमांक मदरबोर्डच्या पुस्तिकेत ताडून पाहिल्याशिवाय जंपर लावू नयेत.

स्वतंत्र साउंड कार्ड असेल, तर ते काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसाव्यात, कण झटकावेत आणि कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये बसवावे.

एवढे करूनही आवाज आला नाही, तर यूएसबी साउंड कार्ड लावून पाहावे. ते वाजले, तर मदरबोर्डवरची ऑडिओ चिप निकामी झाली असे धरून बायोसमध्ये ती बंद करावी आणि यूएसबी कार्डच कायम वापरावे.