गाडीच्या छताचं लोंबणारं कापड घरीच बसवलं

म्हापशात दोन पावसाळे उघड्यावर उभ्या राहिलेल्या आमच्या गाडीचं छताचं कापड लोंबायला लागलं, आई मागे बसली की तिच्या केसांना लागायचं. कापड चांगलंच असतं हो, त्याच्या पाठीला चिकटलेला फोम उन्हाने आणि दमट हवेने कुजून त्याचं पीठ होतं, म्हणून नुसता ग्लू मारून कापड परत चिकटवलं तर टिकत नाही, मी आधी तेच केलं आणि वाया गेलं. मग ज्यावर हे कापड चिकटवलेलं असतं तो छताचा बोर्ड बाहेर काढला, मास्क लावून तो पिवळा चिकट भुगा ब्रशने पूर्ण घासला, यातच अख्खी दुपार गेली. फोमवालं नवीन कापड, उष्णता सहन करणारा कॉन्टॅक्ट ग्लू बोर्डाला आणि कापडाच्या फोमच्या बाजूला असा दोन्हीकडे लावला, बोटाला लागेनासा झाला की मधून कडांकडे दाबत नेलं. कोरड्या दिवशीच करा.